फोटोतल्या माणसांच्या मागे

आमच्या अल्बममधली माणसं मला तोंडपाठ आहेत. म्हणून या वेळी मी त्यांच्या मागे काय आहे तेवढंच बघितलं. मागे भाऊचा धक्का आहे, आणि कोकणात जाणारी बोट.

बाबांकडे अग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बाराच चौकोनी फोटो निघत, त्यामुळे बटण दाबायच्या आधी विचार व्हायचा. तरी एक फोटो त्यांनी नुसत्या शिडीवर घालवलाय. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल अर्ध्यावर, वर कठड्याला टेकलेली माणसं, खाली आंब्याच्या रिकाम्या करंड्या. घरचं कुणीच नाही. त्या काळी बोट कशी भरत असे, हे मला याच फोटोतून कळतं.

दुसऱ्यात आजी ट्रंकेवर बसलीय. शेजारी वळकटी आणि फिरकीचा तांब्या, हातात मिटलेली छत्री. छत्री उन्हासाठीच असणार, कारण पावसाळ्यात कोकणची बोट बंद असायची. म्हणजे फोटो मे महिन्याच्या सुट्टीतला. मागची बोट कुठली यावर वाशीची आत्या आणि ठाण्याचे काका अजून भांडतायत. आत्या म्हणते 'कोकण सेवक', काका म्हणतात 'कोकण शक्ती'. चौगुले कंपनीच्या या दोन्ही बोटी मुंबई ते पणजी जायच्या. माझं मत आत्याकडे झुकतं. तिला त्याच प्रवासात बोट लागली होती आणि जयगडपर्यंत ती आवळासुपारी चघळत पडून होती, असलं काही माणूस विसरत नाही.

मालवणचा फोटो जरा हललेला आहे. बोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर यायचे. पडावात सगळे खाली मान घालून बसलेत, मागे सिंधुदुर्गाची तटबंदी तिरकी झालीय. आजी मात्र बाबांच्या सदऱ्याला धरून आहे. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजी तेव्हा गिरगावात होती. पुढे दर वर्षी बोटीत पाय ठेवण्याआधी ती समुद्राला नारळ द्यायची.

ती बोटसेवा बंद पडून जमाना झाला. रस्ता झाला, एसटी वाढली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. भाऊच्या धक्क्यावरून आज रेवसची लाँच सुटते, २०२० पासून मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो आहे. पण रात्रभर डेकवर पथारी टाकून गावाला जाणारी कुटुंबं कशी दिसायची, ते अशाच घरगुती फोटोंत उरलंय. म्हणून मला ते नुसते नातेवाइकांचे फोटो वाटत नाहीत.

सगळे स्कॅन करून ठेवलेत. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने ठिकाण लिहितेय. शाई पुढे उमटते. बोटीच्या नावाची जागा तूर्त रिकामी आहे. ज्यांच्या घरी चौगुल्यांच्या बोटींचे जवळून काढलेले फोटो असतील, त्यांनी धुराडं सोडून दोन्ही बोटींत कुठला फरक दिसतो ते बघून मला कळवा. आमच्या फोटोत धुराडं नेमकं कापलं गेलंय.