आधी गा, मग झाडा: कोर्लई ते वेंगुर्ला, आमच्या कॉयरचे सात दिवस

सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा. ज्या दिवशी संध्याकाळी गायचंय त्या दिवशी दुपारी शाळेच्या भिंती खरवडायच्या नाहीत. आम्ही खरवडल्या. संध्याकाळी सहा सोप्रानोंपैकी, म्हणजे उंच सुरात गाणाऱ्या मुलींपैकी, चौघींचा आवाज बसला आणि टेनर (पुरुषांतला उंच आवाज) म्हणून मी जे काही काढत होतो त्याला खोकला म्हणतात.

आता नीट सांगतो. आमचा वसईच्या एका पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या धर्मग्रामाचा, युवा कॉयर, म्हणजे चर्चमध्ये गाणारा गट, पोरं-पोरी बावीस, वय सोळा ते पंचवीस, शिवाय सर, दोन सिस्टर आणि मी. मी म्हणजे नावाला टेनर, खरं काम वायरी गुंडाळणं, हिशोब ठेवणं आणि कोणाची बॅग मागे राहिली ते बघणं. नाताळगीतं गायची आणि जिथे जाऊ तिथे काहीतरी अंगमेहनतीचं काम करायचं असा बेत, 27 डिसेंबर ते 2 जानेवारी.

पहिली चूक तारीखच. त्या आठवड्यात अख्खी मुंबई आणि पुणं कोकणात उतरतं. वडखळवरनं अलिबागकडे वळलो आणि बस जी थांबली ती थांबलीच, पोरांनी सगळी गाणी दोनदा म्हणून झाली, डबे संपले, तरी पेझारी येईना. तुम्हाला नाताळगीतंच गायची असतील तर जानेवारीचा पहिला शनिवार-रविवार बघा, नाहीतर सरळ गर्दी नसलेल्या दिवसांत जा आणि गाणी दुसरी बसवा. खोल्याही स्वस्त मिळतील.

कोर्लई का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. रेवदंड्याचा पूल ओलांडला की डोंगराच्या सोंडेवर किल्ला, एका अंगाला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि खाली ख्रिस्ती लोकांची वस्ती. ही माणसं घरात पोर्तुगीजातून तयार झालेली स्वतःची भाषा बोलतात, तिला ते नो लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे उरलेत हजाराच्या आसपास. आता गंमत बघा, आमची वसई पडली 1739 ला, चिमाजी अप्पांनी घेतली, आणि चौल-रेवदंडा पोर्तुगीजांच्या हातून गेलं 1740 ला. म्हणजे एकाच लढाईचा शेवट. पण आमच्याकडे चर्च राहिली आणि घरात मराठीच्या बोली राहिल्या, इथे चर्चबरोबर ती भाषाही राहिली. सर हे बसमध्ये सांगत होते तेव्हा अर्धी बस झोपलेली, पण दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) अंगणात एक म्हातारे अंकल त्यांच्या भाषेत एक जुनं गाणं म्हणायला लागले, मागे चार बाया सुरात सूर मिळवून, तेव्हा सगळे टक्क जागे. आम्हाला शब्द दहातले दोन कळले असतील. आमच्या अल्टोमधल्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या मुलींमधल्या, एकीने फोन काढला रेकॉर्ड करायला, सिस्टरनी नजरेनेच तो खाली करायला लावला, आणि नंतर विचारून, परवानगी घेऊन रेकॉर्ड केलं. हे लक्षात ठेवा, आधी विचारा. तिथे बाहेरचे लोक भाषा ऐकायला येतात आणि माणसांशी बोलत नाहीत असं एका काकूंनी बोलूनही दाखवलं.

तर रविवारी सकाळी मिस्सेत गायलो, छान झालं, आणि दुपारी जवळच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रंगकाम. रविवार म्हणजे शाळा बंद, सोयीचं. गुरुजींशी महिनाभर आधी बोलणं झालं होतं, शाळा व्यवस्थापन समितीची मंजुरी त्यांनीच घेतली. ही मंजुरी कागदावर घ्याच, नाहीतर रंग कोणता लावला यावरनं गावात दोन गट पडतात, आमच्या आधीच्या कोणाचं तरी तसं झालं होतं म्हणे. रंग, प्रायमर, रोलर आम्ही नेले. पण समुद्राकडच्या भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत खार फुटलेला, जुना चुना पापुद्र्यांनी सुटत होता. तो काढल्याशिवाय रंग टिकणार नाही. मग काय, बावीस जणांनी खरवडण्या आणि पॉलिश पेपर घेतले आणि सुरू. वर्गात पांढरा ढग. मास्क होते, बसमध्ये होते.

दोन तासांनी गावातला एक रंगारी बघायला आला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, भिंत आधी ओली करायची ना, कोरडी कशाला खरवडता? बादलीत फडकं बुडवून त्याने एक पट्टा ओला केला आणि खरवडला, तर चुना लगद्यासारखा खाली पडला, धूळ शून्य. एवढंसं होतं. पण तोवर नाकात, घशात, पापण्यांवर सगळीकडे चुना बसला होता. आणि ओल्या भिंतीवर त्याच दिवशी रंग लावता येत नाही हेही त्यानेच सांगितलं, म्हणजे खरवडणं एक दिवस आणि रंग दुसरा दिवस असंच धरा. आम्ही सोमवारी किल्ल्यावर जायचं रद्द करून रंग पूर्ण केला, दोन पोरं रुसली.

रविवारी संध्याकाळचा कार्यक्रम झाला, पण कसा ते विचारू नका. सरांनी कीबोर्डवर ट्रान्सपोज दाबून सगळं दोन सूर खाली घेतलं. ऐकणाऱ्यांनी समजून घेतलं, टाळ्याही दिल्या. मध्येच लाइट गेली, तेव्हा घुमट, म्हणजे चामडं लावलेलं मातीचं वाद्य, आणि आवाजावर भागवलं. आमचं घुमट बकरीच्या चामड्याचं आहे, पूर्वी घोरपडीचं असायचं पण आता कायद्याने बंदी आहे आणि ते बरंच आहे, तर समुद्राकाठच्या दमट हवेत सूर्य बुडाला की हे चामडं ढिलं पडतं आणि ठण्ण आवाज जाऊन भद्द येतो. चुलीपाशी धरून शेकलं की पाच-सहा गाणी निघतात, मग परत शेकायचं. एका पोराची ड्युटीच लावा. पेटी असेल तर रात्री उघड्यावर ठेवू नका, सुरांच्या पट्ट्या अडकतात, आमची एक अडकलीच. कीबोर्डमध्ये सेल घालून न्या, लाइटचा भरवसा नाही.

मंगळवारी टेम्पो ट्रॅव्हलर करून रोह्याला आणि तिथून दिवा-सावंतवाडी. कोर्लई ते रोहा तास-सव्वा तास धरा. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, आम्ही चाळिसाव्या दिवशी बघितलं, मग जनरल. सव्वीस माणसं, कीबोर्ड, दोन स्पीकर, पेटी आणि शेकलेलं घुमट घेऊन जनरलमध्ये चढणं म्हणजे काय ते एकदा करून बघाच किंवा नकोच बघू. स्पीकर संडासाच्या दाराशी ठेवावा लागला. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे समोरून गाडी आली की आपली गाडी साइडिंगला, आणि ही गाडी सगळ्यांनाच वाट देते. पोचायच्या वेळेत दीड-दोन तास मिळवून ठेवा. शिवाय सावंतवाडी स्टेशन गावापासून सात-आठ किलोमीटर लांब आहे, गाड्या आधी सांगून ठेवा, रात्री उतरून रिक्षा शोधायला लागलात तर एवढं सामान बघून भाव वाढतो.

31 ला सकाळी एका वृद्धाश्रमात गायलो. हॉलच्या एका टोकाला आम्ही, स्पीकर, स्टँड, ओळीने उभे, आणि समोर खुर्च्यांवर आजी-आजोबा. दोन गाणी झाली आणि पुढची आजी मोठ्याने म्हणाली, "माका आयकाक येणा नाय, जवळ येवन म्हणा." सगळे हसले. सरांनी कीबोर्ड बंद केला, पोरं जाऊन खुर्च्यांच्या मध्ये जमिनीवर बसली, एकेकाला दोन-दोन आजी-आजोबा. चार आवाजांची हार्मनी गेली उडत, पण गाणी ऐकू गेली. वृद्धाश्रमात स्पीकर नेऊच नका असं माझं मत झालंय, हिअरिंग एड लावलेल्यांना तर तो नुसता त्रास. आणि खाऊ नेताना आधी विचारा. आम्ही नेलेल्या नेवऱ्या आणि केक निम्म्या लोकांना साखरेमुळे चालत नव्हत्या, सिस्टरनी केळी मागवली. काम काय केलं तर चादरी धुतल्या, पंखे पुसले, आणि दोघांनी बसून नखं कापली. नखं कापायचं काम कोणाला सुचलं नव्हतं, तिथल्या मावशींनी सांगितलं. बारीक लिखाणाच्या औषधांच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहून द्या असंही त्यांनीच सांगितलं, तेही केलं, डोस त्यांच्याकडून तपासून घेतले.

त्याच रात्री वर्षअखेरच्या आभाराच्या मिस्सेत प्रवेशगीत. कीबोर्डचं ट्रान्सपोज रविवारचं तसंच राहिलेलं, गिटार मूळ पट्टीत. पहिल्या ओळीला जे झालं ते ऐकून वेदीपाशी निघालेल्या फादरांची पावलं अडखळली. कोणालाही गाणं सुरू करायच्या आधी ट्रान्सपोज शून्यावर आहे का ते बघायला लावा, मी आता कीबोर्डवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय. बाहेर अंगणात कार्यक्रम करणार असाल तर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर चालत नाही, 31 ला बहुतेक सवलत असते पण जिल्ह्याचा त्या वर्षीचा आदेश बघून पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या.

1 जानेवारीला सकाळी सातला वेंगुर्ल्याजवळ सागरेश्वरचा किनारा. गाणं आदल्या रात्रीच संपलेलं, त्यामुळे आवाज गेला तरी बेहत्तर, हा क्रम बरोबर आहे. भरती चढत होती, त्यामुळे आधी खालचा पट्टा मग वरचा असं उचलत गेलो. थर्टीफर्स्टचा सगळा ऐवज वाळूत होता, फुटलेल्या बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा, फटाक्यांची टरफलं, एकेकटी चप्पल. साधे रबरी हातमोजे काचेपुढे टिकत नाहीत, बांधकामवाले वापरतात ते जाड घ्या, आणि काचेसाठी पोतं नाही तर पत्र्याचा डबा किंवा बादली. पोत्यातनं काच पायाला लागते, आमच्या एका बासला, म्हणजे खर्जात गाणाऱ्या पोराला, लागली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आला.

वाळूत गाडलेलं एक निळं नायलॉनचं जाळं दिसलं. आठ जण ओढतायत, ते हलेना. एक मच्छीमार दादा होडीपाशी बसले होते, ते म्हणाले, "ओढू नकात, आदी रेव काढा." मग फावड्याने वाळू काढली, त्यांचा कोयता घेऊन तुकडे केले, तरी पाऊण तास गेला. पोरांनी उत्साहात मर्यादवेलही उपटायला घेतला होता, रान समजून. तो उपटायचा नाही, वाळू तोच धरून ठेवतो. ओंडके, शेवाळंही राहू द्या. आणि नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, जवळच वायंगणीला घरटी जपतात, त्यामुळे बॅनर लावायला वाळूत काठ्या ठोकू नका.

कचरा गोळा करणं सोपं, पुढे काय हा प्रश्न. आमची अठ्ठावीस पोती किनाऱ्यावर रचून फोटो काढून निघून जाणं सहज शक्य होतं, आणि तसं करणारे गट येतात अशी तिथली तक्रार आहे. पोती कोण, कधी, कुठल्या गाडीने उचलणार हे चार दिवस आधी ठरवा. आम्हाला सुका, काच, जाळी असं वेगळं करून द्यायला सांगितलं होतं. वेंगुर्ला नगरपरिषदेचं वर्गीकरणाचं काम राज्यभर नावाजलेलं आहे, वेळ असेल तर जाऊन बघा, पोरांना कॉयरपेक्षा तिथे जास्त रस वाटला.

खर्च माणशी 4,200 जमा केले, 3,850 लागले, उरलेल्यात पेटीची पट्टी दुरुस्त केली. जाड हातमोजे चौदा जोड, खरवडण्या दहा आणि ते मास्क, पाकीट अजून न फोडलेलं, सगळं पॅरिशच्या कपाटात आहे. कुठल्या कॉयरला हवं असेल तर घेऊन जा, फक्त धुऊन परत आणा.