भरतीचं गणित : २९ दिवसांच्या नोंदींवर पहिला पूर्ण प्रयत्न

दिवस १ ते ४

सुरुवात शाळेतल्या आकृतीपासूनच केली. पृथ्वीभोवती सगळीकडे सारखं पाणी, चंद्राकडच्या बाजूला एक फुगवटा, विरुद्ध बाजूला दुसरा आणि त्यांच्याखालून फिरणारी पृथ्वी. चंद्र डोक्यावर आला की भरती. हे स्प्रेडशीटमध्ये मांडलं आणि एका बंदरातल्या भरतीमापकाच्या दर तासाच्या ६९६ आकड्यांशेजारी ठेवलं.

दोन्ही आलेखांचं काही म्हणता काही जुळेना. माझ्या हिशेबात भरती-ओहोटीतला फरक एक मीटरही भरत नव्हता. प्रत्यक्षात अमावास्येच्या उधाणाला तो ३ मीटरच्या आसपास होता. भरतीची वेळही साडेतीन तासांनी चुकत होती. पण ही चूक रोज थोडी पुढेमागे होऊनही साधारण तेवढीच राहत होती. पुढचं सगळं काम या एका निरीक्षणावर उभं आहे.

दिवस ५ ते ९

आकडे बाजूला ठेवून आधी बलाकडे वळले. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो, तरी भरतीत चंद्रच वरचढ. कारण भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. अख्खी पृथ्वी चंद्राकडे एका ठरावीक प्रमाणात ओढली जाते. जवळच्या बाजूचं पाणी त्याहून किंचित जास्त ओढलं जातं आणि पलीकडचं किंचित कमी. म्हणून फुगवटे दोन. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या २.७ कोटी पट आणि अंतर ३८९ पट. ३८९ चा घन ५.८९ कोटी. भागाकार ०.४६, म्हणजे सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी. हा भागाकार कागदावर स्वतः करून बघा, फार समाधान मिळतं.

आणखी एक गोष्ट इथेच उलगडली. चंद्र थेट डोक्यावर असताना त्याचं भरतीबल पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साधारण ९० लाखावा भाग असतं. एवढ्याशा बलाने पाणी वर उचललं जात नाही. खरं काम आडवं बल करतं. त्याला विरोध करायला गुरुत्व नसतं, त्यामुळे ते हजारो किलोमीटरवरचं पाणी हळूहळू सरकवत नेतं. छोट्या तळ्यात भरती का जाणवत नाही, याचं उत्तरही यातच आहे : सरकवत आणायला तिथे पुरेसं पाणीच नसतं.

दिवस १० ते १२

मग फुगवटा चंद्राखाली का राहत नाही? विषुववृत्तावर चंद्राखालचा बिंदू ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे पळतो. ४ किलोमीटर खोल समुद्रात इतक्या लांब लाटेचा वेग मात्र ताशी ७०० च्या आसपास. पाण्याने चंद्राला गाठायचं तर समुद्र २० किलोमीटर खोल हवा. शिवाय खंड आडवे येतात. म्हणजे ती आकृती बलाची आहे, पाण्याची नाही, आणि पाठ्यपुस्तकांनी हे तिच्याखाली ठळक छापायला हवं असं माझं ठाम मत आहे.

फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १७७५ च्या सुमारास हाच धागा पकडला. समुद्र बलाच्याच तालावर हलतो, पण किती हलायचं आणि किती उशिरा, हे त्या-त्या समुद्राचा आकार आणि खोली ठरवते. माझी रोजची तीच ती चूक म्हणजे हा उशीर होता. ताल आकाशातून घ्यायचा, उंची आणि उशीर नोंदींतून. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिनने १८७० च्या दशकात बनवलेलं भरतीचं कप्प्यांचं भाकीतयंत्रही याच तत्त्वावर चाले.

दिवस १३ ते २२

पाच घटक, म्हणजे ठरावीक तालाच्या पाच लहरी, घेतले आणि किमान वर्ग पद्धतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवून) नोंदींवर बसवले. पुढच्या उंच्या सरासरी पातळीपासूनच्या आहेत, भरती-ओहोटीतला फरक त्यांच्या दुप्पट. चंद्राचा मुख्य घटक एम२ (१२.४२ तास) ९८ सेंटिमीटर, सूर्याचा एस२ (१२ तास) ३७, चंद्राच्या कमी-जास्त अंतराचा एन२ (१२.६६ तास) १९. दिवसातून एकदाच येणारे के१ आणि ओ१ इथे लहान, १४ आणि ७.

एस२ आणि एम२ चं गुणोत्तर ०.३८ आलं, बलात ते ०.४६ आहे. यात चूक शोधण्यात दोन दिवस गेले, पण चूक नव्हतीच. प्रत्येक तालाला हा समुद्र वेगळा प्रतिसाद देतो, इतकंच. दोन्ही घटकांच्या कलांमध्ये, म्हणजे आपापल्या बलामागे ते किती अंश उशिरा येतात त्यात, ३७ अंशांचा फरक निघाला. दोन्ही ताल एकमेकांपासून तासाला १.०१६ अंश सरकतात, या हिशेबाने ३६ तास. म्हणजे सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येला नाही, दीड दिवस नंतर. मूळ नोंदी उघडून पाहिल्या तर अगदी तसंच! त्या रात्री झोप लागली नाही.

एन२ चा परिणामही डोळ्यांना दिसतो. या महिन्यात उपभू (चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तो बिंदू) अमावास्येजवळ होता, म्हणून ते उधाण ३ मीटरचं आणि पौर्णिमेचं जेमतेम २.३ मीटरचं.

दिवस २३ ते आज

मूळ नोंदींतून पाचही घटक वजा केल्यावर जे उरलं, त्यात ६.२ तासांची बारीक लहर स्पष्ट दिसली. तो एम४, उथळ पाण्यात एम२ ची लाट विकृत होते तेव्हा निघणारा. तो धरल्यावर सरासरी चूक ९ वरून ६ सेंटिमीटरवर आली. मधल्या दोन दिवसांत पाणी ८ सेंटिमीटर वर चढलेलं होतं. हवेचा दाब तपासला, तो ८ हेक्टोपास्कलने उतरलेला. एका हेक्टोपास्कलला एक सेंटिमीटर हा नियम इथे नेमका लागू पडला. अर्थात हा भाग चंद्र-सूर्याच्या गणितात कधीच येणार नाही.

के२ हा एस२ च्या आणि पी१ हा के१ च्या अगदी जवळच्या तालाचा घटक. के२ आणि एस२ वेगळे करायला १८२ दिवसांच्या नोंदी लागतात, के१ आणि पी१ लाही तितक्याच. त्यामुळे २९ दिवसांतला माझा एस२ चा आकडा भेसळीचा आहे, तो कुठे वापरू नका. सहा महिन्यांच्या नोंदी उतरवायला घेतल्या आहेत. पहिल्या ४० दिवसांत नऊ तासांच्या जागा रिकाम्या आहेत. त्या अंदाजाने भरणार नाही, तशाच सोडून बसवणार आहे.