तुम्ही विचारलंत म्हणून: सांभरचा किनारा नकाशावर कुठे काढायचा?

नाशिकचे भूगोलाचे विद्यार्थी आणि नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणारी मंडळी हमखास विचारतात: राजस्थानच्या सांभर सरोवराचं उपग्रहचित्र उघडलं, तर पाणी नेमकं कुठे संपतं, हे ओळखायचं कसं?

पांढरा पट्टा म्हणजे किनारा नव्हे. ते पाणी आटल्यावर उरलेलं मीठ. आपली गोदावरी समुद्राला मिळते. सांभरला येणाऱ्या मेंढा आणि रूपनगढ नद्यांच्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. त्यात तळ जवळजवळ सपाट, खोली पावसाळ्यानंतरही फार तर 3 मीटर. किलोमीटरला 1 मीटर उतार धरला, तरी 10 सेंटीमीटर पाणी आटलं की काठ 100 मीटर आत जातो. म्हणून ऑक्टोबरचा काठ वेगळा काढा, मे महिन्याचा वेगळा.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. प्रकाशाच्या प्रत्येक पट्ट्याचं, म्हणजे बँडचं, चित्र वेगळं असतं; बी3 आणि बी8 या बँडचा पिक्सेल (चित्रातला एक ठिपका) जमिनीवर 10 मीटरचा. हिरव्या बँडमधून (बी3) निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा बँड (बी8) वजा करा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा. पाण्याचं उत्तर सहसा शून्याच्या वर येतं. सांभरला मात्र इथेच फसगत होते: बोटभर पाण्याखालचा चिखल इन्फ्रारेड परत फेकतो आणि पाणी जमीन ठरतं. बी8 ऐवजी बी11 (शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा बँड) घेतला तर उलटी चूक. ओलं मीठ शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड शोषतं, म्हणून तेही पाण्यात मोजलं जातं. दोन्ही रेषा काढाव्यात आणि मधला पट्टा ‘ओला काठ’ म्हणून वेगळा रंगवावा. एकच रेषा ठेवण्यापेक्षा हे कितीतरी खरं.

पूर्वेकडच्या लाल-हिरव्या चौकटी म्हणजे मिठागरं. तो रंग मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. त्यांना सरोवरापासून तोडणारा सुमारे 5 किलोमीटरचा दगडी बांध सरळ रेषेसारखा दिसतो. मिठागरं मोजणीतून वगळा.

मुख्य पाण्यापासून तुटलेली डबकी मात्र पुसू नका. नोव्हेंबर 2019 मध्ये सांभरला हजारो स्थलांतरित पक्षी एव्हियन बोट्युलिझमने (जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या आजाराने) मेले. त्या आजाराचं विष ऑक्सिजन नसलेल्या, कुजक्या जागी तयार होतं, आणि आटत चाललेली डबकी तशीच असतात. नकाशा नीटनेटका करणारा फिल्टर दोन-तीन पिक्सेलचे ठिपके कचरा समजून काढून टाकतो. फिल्टरआधीची प्रत जपा, डबक्यांचा थर वेगळा ठेवा.