तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्र्यांच्या शर्यतीला जावं का?

लंडनला नवीन आलेली मुलं विचारतात, उन्हाळ्यात राहायला येणारे पाहुणे विचारतात, आणि कोल्हापुराहून व्हिडिओ कॉलवर वहिनी विचारते ती जरा वेगळ्या सुरात. मुलांचं असं, "ताई, रोमफर्डला कुत्र्यांच्या शर्यती असतात म्हणे. एक संध्याकाळ जाऊन यावं का?" वहिनीचं असं, "वन्सं, आम्ही बैल पळवले की आम्ही क्रूर, आणि तुमचे गोरे कुत्र्यांवर जुगार खेळतात ते चालतंय होय?" मी दोघांना एकच उत्तर देते, म्हणून आता लिहूनच टाकते.

जा. पण तिथल्या रेस्टॉरंटच्या काचेच्या आत बसून जेवू नका. बाहेर कठड्याला उभे राहा, आणि तेही पहिल्या वळणाशी. पुन्हा जायचं की नाही हे तिथं आपोआप ठरतं.

रोमफर्ड म्हणजे लंडनचं पूर्वेकडचं टोक. इथला ट्रॅक १९२९चा, आणि आता अख्ख्या लंडनमध्ये उरलेला हा एकच. २०२५च्या जानेवारीत क्रेफर्ड बंद झाला तेव्हा दुसरा गेला. एकेकाळी व्हाइट सिटी, वेम्ब्ली, हॅरिंगे, क्लॅप्टन, हॅकनी, वेस्ट हॅम, कॅटफर्ड, विम्बल्डन अशी रांग होती. वॉल्थमस्टोचा ट्रॅक २००८च्या ऑगस्टमध्ये मिटला. त्याची निऑन दिव्यांची दर्शनी भिंत तेवढी राखलीय, मागं फ्लॅट झाले. डेव्हिड बेकहॅम पोरवयात तिथं रिकामे ग्लास गोळा करायचा. विम्बल्डनच्या जागेवर फुटबॉलचं मैदान आलं. हे ट्रॅक काही लोकांच्या भूतदयेनं बंद पडले नाहीत. लंडनच्या जमिनीचा भाव आणि रिकाम्या खुर्च्या यांनी ते घालवले.

खुर्च्या का रिकाम्या झाल्या, त्याची गोष्ट मला शर्यतीपेक्षा जास्त आवडते. रुळावरून पळणारा बनावट ससा अमेरिकेतून आला आणि १९२६च्या जुलैत मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला इंग्लंडमधली पहिली शर्यत झाली. वर्षभरात लंडनचं व्हाइट सिटी सुरू झालं, तिथंच १९२७ला ग्रेहाउंड डर्बीही, म्हणजे शर्यतीत पळणाऱ्या या जातीच्या कुत्र्यांची सगळ्यात मानाची शर्यत. घोड्यांच्या शर्यती दिवसा, गावाबाहेर, टोप्या घालून जायच्या. कुत्र्यांच्या शर्यती रात्री, दिव्यांत, कारखान्यातून सुटल्यावर चालत जाण्याच्या अंतरावर. शिवाय तेव्हा गरिबाला रोख पैशाची पैज कायद्यानं लावायची तर ट्रॅकवरच जावं लागे, कारण गल्लीबोळातला बुकी बेकायदा. मग १९६१च्या मे महिन्यात नाक्यानाक्यावर पैजेची दुकानं कायदेशीर झाली आणि कामगाराला ट्रॅकवर जायचं कारणच उरलं नाही.

तरी त्या काळचा रुबाब बघा. १९६६चा फुटबॉल वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये. उरुग्वे विरुद्ध फ्रान्स हा सामना वेम्ब्लीला व्हायचा, पण दिवस शुक्रवार, आणि शुक्रवारी वेम्ब्लीला कुत्रे पळायचे. मालकानं शर्यत रद्द करायला नकार दिला. वर्ल्ड कपचा सामना उचलून व्हाइट सिटीला नेला! फुटबॉलवेड्या माणसाला हे सांगितलं की त्याचा आधी विश्वासच बसत नाही.

रोमफर्डचाही एक किस्सा आहे आणि कोल्हापूरकर म्हणून तो मी सांगणारच. १९३७च्या डिसेंबरात या ट्रॅकवर चित्ते पळवले होते, केनियातून आणलेले खरेखुरे चित्ते. लोक बघायला आले, पण चित्त्यांना एकमेकांशी चढाओढ करण्यात काडीचा रस नव्हता, आणि तो खेळ पुढं टिकला नाही. आमच्याकडं दरबारानं त्याच सुमाराला आफ्रिकेतून चित्ते आणवून काळविटाच्या शिकारीला सोडले होते. समोर जिवंत काळवीट असलं की चित्ता पळतो. चिंधीमागं कशाला पळेल? कुत्रं मात्र पळतं. या धंद्याचा सगळा पाया कुत्र्याच्या या एका स्वभावावर उभा आहे.

आता संध्याकाळ. तिकीट फार नसतं. बहुतेक लोक घोळक्यानं येतात. ऑफिसची पार्टी, कुणाचा पन्नासावा वाढदिवस, लग्नाआधी मैत्रिणींसोबत धिंगाणा घालायला आलेली नवरी. वरच्या मजल्यावर पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली टेबलं, समोर अख्खी काच, टेबलाजवळ छोटा टीव्ही. जेवण ठीकठाक. पैज लावायला उठायचीही गरज नाही, टोटची, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एका गल्ल्यात गोळा करणाऱ्या खिडकीची, मुलगी टेबलाशी येऊन पैसे घेते. दर पंधरा मिनिटांना एक शर्यत, अशा बारा-चौदा. शर्यत चालते चोवीस-पंचवीस सेकंद. बाकीचा वेळ बिअर, चिप्स आणि गप्पा. खरं सांगायचं तर काचेमागच्या निम्म्या लोकांनी रात्रभरात एकही कुत्रं नीट पाहिलेलं नसतं. त्यांना दिसतो तो जॅकेटचा रंग. एक नंबर लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच नारिंगी, सहा काळे-पांढरे पट्टे. "कम ऑन, फाइव्ह!" असं ओरडायचं. पाच नंबरचं नाव काय, विचारू नका.

रेसकार्ड, म्हणजे शर्यतींचं छापील पत्रक, मात्र जपून वाचा. प्रत्येक कुत्र्याखाली त्याच्या मागच्या शर्यतींच्या ओळी असतात, अगदी आखूड, निम्मी अक्षरं गाळलेल्या. पेटीच्या दारातून उशिरा. आतल्या कडेनं. पहिल्या वळणावर धक्का. कोंडी. शेवटाला जोर. मुंबईत महालक्ष्मीला घोड्यांची रेस खेळलेल्या माणसाला हे लगेच कळतं. नवख्याला मी एवढंच सांगते, एक नंबरची पेटी सगळ्यात आतली, सहाची सगळ्यात बाहेरची : आतल्या कडेनं पळणारं कुत्रं एक-दोन नंबरात आहे का, आणि बाहेरून पळणारं पाच-सहात आहे का, ते बघा. रेसिंग मॅनेजर कुत्र्यांना पेट्या वाटतानाच ते बघतो, पण दारातून कोण आधी सुटतं यावर अर्धी शर्यत ठरते. 'विन' लावलंत तर पहिला यायला हवा, 'फोरकास्ट' लावलंत तर पहिले दोन बरोबर क्रमानं. दोन-दोन पौंड लावा. रात्रीच्या शेवटी पैसे टोटकडंच राहतात, कारण तो प्रत्येक गल्ल्यातून आपला वाटा आधी कापून घेतो.

आता बाहेर या. जाकीट घाला, मे महिन्यातही रात्री वारा झोंबतो. शर्यतीआधी सहा कुत्री समोरून फिरवतात. तोंडाला जाळी, अंगावर रंगीत जॅकेट, कानांत आत गोंदलेली अक्षरं. त्याआधी आत त्यांचं वजन झालेलं असतं. मागच्या शर्यतीपेक्षा किलोभराहून जास्त फरक पडला तर पळू देत नाहीत. दुरून उमदी दिसतात, जवळून बघितलं तर मांड्या थरथरत असतात. ती भीती नव्हे, उतावीळ असते. पेटीत घालायच्या वेळी सांभाळणारा माणूस पार्श्वभागाला हात लावून ढकलतो, मागचं झाकण पडतं, आणि आतून रडल्यासारखा, किंचाळल्यासारखा आवाज सुरू होतो. रुळावरून सशाची घरघर दुरून जवळ येते. तो पेट्यांच्या पुढं गेला की पुढची जाळी खाडकन वर उडते.

पुढची चार-पाच सेकंदं बघायसारखी असतात हे मी नाकारणार नाही. ताशी साठ किलोमीटरच्या वर जाणारं जनावर, पाठीची कमान होऊन चारी पाय पोटाखाली गोळा होतात आणि पुन्हा सुटतात. वाळूचा फवारा अंगावर येतो. आणि मग लगेच पहिलं वळण. सहाच्या सहा कुत्र्यांना आतली कड हवी असते, आणि आतल्या कडेला जागा असते एकाला, फार तर दोघांना. खांद्याला खांदा घासल्याचा आवाज येतो. एखादं हेलपाटतं, एखादं बाहेर फेकलं जातं. कार्डावर जे 'पहिल्या वळणावर धक्का' म्हणून वाचलं होतं ना, ते हे. काचेमागं हा आवाज पोचत नाही.

ब्रिटनमध्ये शर्यती कायम डावीकडं वळतात. वळणावर सगळा भार येतो बाहेरच्या, म्हणजे उजव्या बाजूवर. त्यामुळं मागच्या उजव्या पायाचा घोटा मोडणं हे या कुत्र्यांचं ठरलेलं दुखणं आहे. शर्यती चालवणारी संस्था २०१८पासून जखमांचे आकडे दरवर्षी जाहीर करते. २०२४चे बघितले तर साडेतीन हजारांहून जास्त जखमा, आणि ट्रॅकवरच मेलेली कुत्री शंभराच्या वर. एकूण धावांच्या हिशेबात जखमांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, असं ते लोक म्हणतात. गणित बरोबर आहे. पण रात्री बारा शर्यती, प्रत्येकीत सहा कुत्री, म्हणजे बहात्तर धावा. टक्क्याला बहात्तरनं गुणा आणि मग जेवायला बसा.

हे सगळं तुमच्यासाठी चालतं असंही समजू नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी ट्रॅकवर डोकावलात तर स्टँडमध्ये चिटपाखरू नसतं, आणि शर्यती तरी चालूच. त्या चालतात पैजेच्या दुकानांतल्या आणि मोबाइलवरच्या पडद्यांसाठी. शनिवारी आलेला तुमचा घोळका ही वरकमाई. प्रेक्षकांनी पाठ फिरवली की शर्यती थांबतील हा हिशेब म्हणूनच चुकतो.

निवृत्त कुत्र्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. बहुतेक कुत्री आयर्लंडमध्ये पैदास झालेली असतात आणि चार-पाच वर्षांची झाली की संपतात, म्हणजे पळणं संपतं. २००६मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या सीहॅम इथला प्रकार वर्तमानपत्रानं उघड केला. एक माणूस पैसे घेऊन वर्षानुवर्षं नको असलेली ग्रेहाउंड मारून शेतात पुरत होता. त्याला शिक्षा झाली ती परवान्याशिवाय पुरल्याबद्दल दंडाची, कारण मालकाच्या संमतीनं कुत्रं मारणं हा गुन्हाच नव्हता. त्यानंतर २०१०चे नियम आले. ट्रॅकवर जनावरांचा डॉक्टर हवाच, कुत्र्याला चिप हवीच. २०२०पासून नोंदणीच्या वेळीच निवृत्तीसाठी पैसे बाजूला ठेवावे लागतात. सुधारणा झाली, नाही असं नाही. आमच्या गल्लीत एका बाईंकडं असं निवृत्त ग्रेहाउंड आहे. थंडीत स्वेटर घालून निघतं, पावसाचा थेंब पडला की दारातून मागं फिरतं. दिवसभर सोफ्यावर तंगड्या वर करून घोरतं. एवढं आळशी कुत्रं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

तर वहिनी, तुझं उत्तर. चालतंय असं इथंही सगळे म्हणत नाहीत. वेल्स सरकारनं २०२५च्या फेब्रुवारीत बंदी आणणार म्हणून जाहीर केलं. न्यूझीलंडनं त्याच्या आधीच्या डिसेंबरात. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या मतदारांनी २०१८ला मतपेटीतून हा खेळ बंद केला आणि २०२०च्या अखेरीस तिथले ट्रॅक थांबले. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं २०१६ला बंदी जाहीर केली आणि चार महिन्यांच्या आत मागं घेतली, कारण खेड्यापाड्यातले मतदार खवळले. हे वाचताना तुला आपल्याकडचं आठवेल. बैलगाडा शर्यत २०१४ला थांबली, २०२१च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. फरक एवढाच, आपल्याकडं बैलाचा मालक बैलाच्या नावानं ओळखला जातो. इथं कुत्र्याचा मालक बऱ्याचदा दहा-बारा जणांचा गट असतो आणि त्यातल्या कित्येकांनी त्याला हात लावलेला नसतो. बैलाला त्यानं कमी लागतं असं मी म्हणत नाही.

मी स्वतः जाते का? कुणी पाहुणा हट्टाला पेटला तर सोबत जाते. पैज लावत नाही, वळणाशी उभी राहते. सोबतच्यालाही तिथंच उभं करते. काही जण तिसऱ्या शर्यतीला "चला ताई, भूक लागली" म्हणून काचेत जातात, काही जण "पुरे" म्हणून स्टेशन गाठतात. मी कुणालाच अडवत नाही.

लहान मुलं असतील तर माझा सल्ला वेगळा. बहुतेक ट्रॅकवर मोठ्यांसोबत मुलांना सोडतात, पैज मात्र अठरा पूर्ण झाल्याशिवाय नाही. पण मुलांना लंडनबाहेरच्या ट्रिंग गावाला न्या. तिथं नॅचरल हिस्टरी म्युझियमची शाखा आहे, फुकट आहे, आणि काचेच्या कपाटात मिक द मिलर उभा आहे. आयर्लंडमधल्या एका पाद्र्याचं कुत्रं, १९२९ आणि १९३०ची डर्बी लागोपाठ जिंकलेलं, त्या काळी सिनेनटाइतकं गाजलेलं. आणि कुत्र्यांचाच लळा असेल तर ग्रेहाउंड ट्रस्टच्या जवळच्या शाखेला फोन करा. घर मिळायची वाट बघणाऱ्या कुत्र्यांना फिरवायला त्यांना माणसं लागतात. सकाळी लवकर बोलावतात, आणि बूट चिखलाचे होतील.