कधी?

गुरुवार, रात्री साडेदहा

“बरं वाटेल हं काका,” असं मी म्हटलं आज दुपारी. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “कधी?”

एवढंच झालं. मी पायथ्याची चादर सारखी करायला लागले. ती सारखीच होती. तेवढ्यात सिस्टर चारचं मॉर्फिन घेऊन आल्या. मी बाजूला झाले आणि माझा जीव भांड्यात पडला. आता घरी आल्यापासून त्या जीव भांड्यात पडण्याचीच लाज वाटते आहे.

शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांपाशी बसायचं शिकायला सहा रविवार प्रशिक्षणाला गेले. पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं होतं: ‘बरं वाटेल’ म्हणायचं नाही, ‘देवावर सोडा’ म्हणायचं नाही, धीर द्यायच्या नादात खोटं बोलायचं नाही. वहीत लाल पेनानं उतरवून घेतलंय. मॉर्फिन घड्याळाप्रमाणे, दर चार तासांनी, दुखणं उठायची वाट न बघता द्यायचं. कूस दोन-दोन तासांनी बदलायची. हे सगळं पाठ आहे. आणि पहिल्या माणसापाशी बसले तर तोंडातून तेच निघालं.

अण्णांनाही आम्ही हेच म्हणायचो. दादा फाइल पालथी घालून ठेवायचा. अण्णांनी कधी विचारलं नाही. की आम्ही विचारू दिलं नाही... जाऊ दे.

संध्याकाळी वाटलं, सोडून द्यावं. चोपन्नाव्या वर्षी मला कोणी सांगितलं होतं हे? घरातलं सगळं उरकून, दोन बस बदलून जायचं आणि कुणाच्या तरी शेवटच्या दिवसांत एक खोटं वाक्य टाकून यायचं. सुमाला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. ती ‘अगं, एवढं काय त्यात’ म्हणाली असती. एवढंच आहे त्यात, म्हणून तर झोप येत नाही.

‘कधी?’ त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. एसटी स्टँडवर गाडी कधी सुटणार विचारतात ना, तसं. माहीत असेल तर सांगा, नसेल तर राहू द्या.

मॅडमनी सिसिली साँडर्सची गोष्ट सांगितली होती. आधी नर्स, मग रुग्णालयातली समाजसेविका, पुढे डॉक्टर. १९४८ साली लंडनमध्ये डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू कॅन्सरनं मरणाला टेकलेला होता. ती त्याला भेटायला जात राहिली. त्यानं जाताना तिच्यासाठी पाचशे पौंड ठेवले, तुझ्या घरातली एक खिडकी होईन म्हणाला. तिचं ते घर, मरणाला टेकलेल्यांची काळजी घेणारं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, उभं राहिलं १९६७ मध्ये. मधली एकोणीस वर्षं. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ चं. वर्गात सगळ्यांनी खिडकीचं कौतुक केलं. मला आज रात्री ती कॉटशेजारची खुर्ची दिसते आहे. तिलाही कोणी असलंच काही विचारलं असेल, आणि तिच्याकडेही उत्तर नसेल.

“मला माहीत नाही, काका.” चार शब्द. मघाशी ओट्यापाशी उभी राहून मोठ्यानं म्हणून बघितलं. जमतं आहे.

एक लिहायचं राहिलं. औषधानंतर सिस्टरनी मला थांबवून घेतलं. बोटाला गॉज गुंडाळायचा, वाटीतल्या पाण्यात बुडवून पिळायचा, हिरड्यांवरून, मग गालाच्या आतून फिरवायचा. काकांच्या जिभेवर पांढरा थर होता, ओठांच्या कोपऱ्यांना भेगा. मी हळूच फिरवत होते. त्यांनी ओठ मिटले, गॉज धरून ठेवला आणि त्यातलं पाणी चोखलं. लहान मूल चोखतं तसं. मी सिस्टरकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली.

“अजून,” काका म्हणाले.

मी परत बुडवला. पाच-सहा वेळा तरी. शेवटी ओठांना व्हॅसलीन लावलं तोवर त्यांचा डोळा लागला होता.

वाटी फार लहान होती. पुढच्या गुरुवारी घरून मोठी न्यायची.