शिफारस ब्रुसेल्सची, नियम ज्याचा त्याचा

कोविडच्या साथीच्या काळात ‘युरोपात जायला काय लागतं?’ हा प्रश्नच चुकीचा होता. विचारायचं ते असं: कोणत्या देशात, कोणत्या देशातून, कोणत्या विमानतळावरून, कोणत्या तारखेला आणि हातात कोणता कागद घेऊन? या पाचांपैकी एक गोष्ट बदलली की उत्तर बदलायचं. जुन्या फायली, परताव्याचे दावे किंवा त्या काळातले प्रवासाचे दिवस मोजायची वेळ आजही काहींवर येते, म्हणून ही सगळी घडी एकदा उलगडून ठेवतो.

मूळ गोम अशी की आरोग्यासाठी सीमा बंद करण्याचा अधिकार ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, नव्हता; तो सदस्य देशांचा होता. १७ मार्च २०२० ला युरोपीय संघाच्या नेत्यांनी बाहेरून येणारा अनावश्यक प्रवास ३० दिवस थांबवायचं ठरवलं, पण अंमल करायचा तो ज्याने त्याने. ३० जून २०२० ला संघाने सदस्य देशांना केलेल्या शिफारशीला, ज्यांच्या रहिवाशांना येऊ द्यावं अशा १५ देशांची यादी जोडलेली होती. त्यात जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, मोरोक्को, रवांडा हे देश होते. चीनचं नाव होतं, पण त्याने युरोपीयांना तशीच सवलत दिली तरच. ही यादी पासपोर्टची नव्हती, राहत्या जागेची होती, आणि इथेच अनेकांची गफलत झाली. जपानमध्ये राहणारा भारतीय नागरिक यादीत बसत होता, तर भारतात राहणारा जपानी नागरिक बसत नव्हता. त्यामुळे पासपोर्टपेक्षा राहण्याचा परवाना मोलाचा ठरला.

शिफारस किती सैल होती हे १ सप्टेंबर २०२० ला दिसलं. हंगेरीने परदेशी प्रवाशांना सीमा बंद केल्या, संघातल्या नागरिकांनासुद्धा, आणि चेक, स्लोवाक व पोलिश पर्यटकांना मात्र अटींवर सूट दिली. युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, नापसंती कळवली, तरी सीमा बंदच राहिल्या.

१३ ऑक्टोबर २०२० पासून रंगांचा नकाशा आला. रोग नियंत्रणाचं युरोपीय केंद्र, म्हणजे ईसीडीसी, दर गुरुवारी तो काढायचं. त्यात दोन आकडे पाहिले जात: लाखामागे १४ दिवसांतले नवे रुग्ण आणि चाचण्यांतलं पॉझिटिव्हचं प्रमाण. सुरुवातीचा हिशोब असा होता: २५ पेक्षा कमी रुग्ण आणि प्रमाण ४ टक्क्यांखाली असेल तर हिरवा; ५० किंवा जास्त रुग्ण आणि प्रमाण ४ टक्के किंवा वर, अथवा प्रमाण काहीही असो, रुग्ण १५० च्या वर गेले तर लाल; मधला तो नारिंगी. माहिती अपुरी असेल तर करडा. २०२१ च्या जानेवारीत ५०० च्या पुढच्यांसाठी गडद लाल आला. जून २०२१ मध्ये उंबरठे पुन्हा बदलले, त्यामुळे जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून तुलना करू नये; हिरव्याचा अर्थच वेगळा आहे.

नकाशा एक असला तरी ‘लाल’वर काय करायचं हे सांगणारे देश वेगवेगळे. कुठे चाचणी पुरायची, कुठे विलगीकरण, कुठे दोन्ही. जर्मनी तर रॉबर्ट कॉख या आपल्या रोगनियंत्रण संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःची यादी लावायचा, आणि तिचा मूळ निकष लाखामागे ७ दिवसांत ५० रुग्ण असा होता. ईसीडीसीचे १४ दिवस आणि जर्मनीचे ७ दिवस यांची सरमिसळ झाली की हिशोब सरळ दुपटीने चुकायचा. दोन्हीकडे ‘५०’ हाच आकडा, ही तर खास खोडी.

रंग कोणत्या दिवसाचा धरायचा? तिकीट काढलं त्या दिवसाचा नाही, देशात पाऊल ठेवलं त्या दिवसाचा. शिवाय मागचे दिवसही मोजले जात. जर्मनीत गेल्या १० दिवसांत जोखमीच्या भागात मुक्काम झाला का, हे पाहायचे. नुसतं न थांबता गाडीने पार झालात तर तो मुक्काम धरत नसत. भारत २६ एप्रिल २०२१ ला जर्मनीच्या ‘विषाणू-प्रकाराच्या’ यादीत, म्हणजे विषाणूचा धोकादायक नवा प्रकार पसरलेल्या देशांत, गेला. त्या वर्गाला १४ दिवसांचं विलगीकरण होतं, मधेच चाचणी देऊन सुटकाही नव्हती. ७ जुलै २०२१ ला भारत एक पायरी खाली आला. त्या पायरीवर १० दिवस, आणि पाचव्या दिवशी चाचणी देऊन लवकर सुटायची सोय होती.

प्रमाणपत्र खरं, तरी स्क्रीन लाल

१ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाचं डिजिटल कोविड प्रमाणपत्र लागू झालं. हे कायद्याचं रूप असलेलं नियमन होतं, त्यामुळे लोकांनी त्याला प्रवासाचा परवाना समजून घेतलं. तो परवाना नव्हता, पुरावा होता. लस घेतली, चाचणी निगेटिव्ह आली किंवा आजारातून बरे झालात, यापैकी एक गोष्ट सर्व देशांना वाचता येईल अशा साच्यात लिहिलेली, एवढंच.

क्यूआर कोडमध्ये नाव, जन्मतारीख, लसीचं नाव, कितवा डोस, तारीख, देश आणि एक क्रमांक असायचा, आणि त्यावर देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही. तपासणीत दोन वेगवेगळ्या गोष्टी होत. पहिली, सही खरी आहे का: यासाठी देशादेशांमध्ये फक्त सार्वजनिक किल्ल्यांची, म्हणजे सही तपासायच्या सांकेतिक आकड्यांची, देवाणघेवाण होई, प्रवाशाची माहिती कुठे जात नसे. दुसरी, हा पुरावा या देशाच्या आजच्या नियमात बसतो का: हे नियम वेगळे भरलेले असत आणि ते प्रत्येक देशाचे निराळे. म्हणून घरच्या ॲपवर हिरवं दिसणारं प्रमाणपत्र सीमेवर लाल दिसायचं. कागद खोटा नसायचा, तिथला नियम वेगळा असायचा. काउंटरवर भांडताना हा फरक माहीत असता तर अर्धी भांडणं टळली असती.

सर्वात त्रास दिला तो डोसच्या आकड्यांनी. २/२ म्हणजे दोन डोसांची मालिका पूर्ण. जॅन्सेनचा, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनच्या लसीचा, एकच डोस म्हणून १/१. पण कोविड होऊन गेलेल्याला काही देश एकच डोस देऊन १/१ लिहीत. आणि बूस्टर? कुणी १/१ लिहिलं, कुणी २/२, कुणी ३/३. जॅन्सेननंतर घेतलेला बूस्टर २/२ लिहिला की तो बूस्टर आहे हे यंत्राला कळायचंच नाही. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये एकच पद्धत ठरली: दोन डोसांनंतरचा बूस्टर ३/३, एका डोसनंतरचा २/१. आधी निघालेली प्रमाणपत्रं बदलून घ्यावी लागली, आणि ज्यांनी बदलली नाहीत त्यांचा बूस्टर यंत्राच्या लेखी झालाच नाही.

याचा फटका बसला तो १ फेब्रुवारी २०२२ पासून. त्या दिवशी प्रवासासाठी मूळ मालिकेची मुदत २७० दिवस झाली. बूस्टरला मुदत नव्हती. हे ‘नऊ महिने’ म्हणून सांगितलं जायचं, पण मोजायचे दिवस. दुसरा डोस १० जून २०२१ चा असेल तर २७० वा दिवस ७ मार्च २०२२ ला येतो, १० मार्चला नाही. दुसऱ्या टोकाला, शेवटच्या डोसनंतर १४ दिवस जाईपर्यंत बहुतेक देश लस धरतच नसत.

आणि सीमा ओलांडली म्हणजे झालं, असंही नव्हतं. देशाच्या आतले नियम वेगळ्या घड्याळावर चालत. फ्रान्समध्ये कॅफे, रेस्तराँ आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी ९ ऑगस्ट २०२१ पासून आरोग्य-पास लागला; २४ जानेवारी २०२२ ला त्याची जागा लस-पासने घेतली, म्हणजे नुसती निगेटिव्ह चाचणी चालेना. १५ फेब्रुवारी २०२२ पासून त्या पाससाठी आधीच्या डोसनंतर चार महिन्यांत बूस्टर घेणं आलं. परिणामी, पाच महिन्यांपूर्वी दुसरा डोस घेतलेला प्रौढ माणूस फ्रान्समध्ये बिनदिक्कत उतरू शकत होता, पण कॅफेत कॉफी प्यायला बसू शकत नव्हता. १४ मार्च २०२२ ला हा पास थांबवला गेला. इटलीने बूस्टर नसलेल्या प्रमाणपत्राची देशांतर्गत मुदत १ फेब्रुवारी २०२२ पासून सहा महिन्यांवर आणली होती.

संघाबाहेर लस घेतलेल्यांची अडचण निराळी. देशांना मान्य करणं बंधनकारक होतं ते फक्त युरोपीय औषध संस्थेने परवाना दिलेल्या लसी: फायझर, मॉडर्ना, ॲस्ट्राझेनेकाची व्हॅक्सझेव्हरिया, जॅन्सेन, पुढे नोव्हावॅक्स. कोविशील्डची लस ॲस्ट्राझेनेकाचीच, पण परवाना विशिष्ट उत्पादन आणि विशिष्ट कारखान्याला मिळतो. कोविशील्डला तो नव्हता. म्हणून ती देशांच्या मर्जीवर राहिली: जर्मनी, स्पेन, ग्रीस यांनी लवकर मान्य केली, फ्रान्सने १८ जुलै २०२१ पासून. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मंजुरी ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली, तरी जर्मनीने प्रवेशासाठी ती धरली १ जून २०२२ पासून. शिवाय कोविनचा क्यूआर वेगळ्या साच्यातला, युरोपीय यंत्राला न वाचता येणारा. त्यावर आधी फक्त वय छापलं जायचं, पूर्ण जन्मतारीख नव्हती. परदेशी जाणाऱ्यांसाठी ती सोय नंतर आली. पासपोर्टवरच्या नावात आणि प्रमाणपत्रावरच्या नावात वडिलांचं नाव कमीजास्त असलं, तरी काउंटरवर अडायला तेवढं पुरेसं होतं.

बहात्तर तास कुठून कुठपर्यंत

पीसीआर ७२ तास, अँटिजेन ४८ तास, हे जून २०२१ चं सूत्र. जानेवारी २०२२ मध्ये अँटिजेन २४ तासांवर आलं. घड्याळ सुरू होतं नमुना घेतल्यापासून, निकाल आल्यापासून नाही. संपतं कुठे, यावर मात्र एकमत नव्हतं. स्पेन पोहोचण्याच्या वेळेपासून मागे मोजायचा. इंग्लंड तास मोजतच नव्हतं, निघण्याआधीचे तीन दिवस मोजायचं. शुक्रवारी निघणाऱ्याला मंगळवारची चाचणी चालायची. दोन टप्प्यांच्या लांब प्रवासात पहिलं विमान चुकलं की पोहोचण्यापासून मोजणाऱ्या देशाची चाचणी वाटेतच शिळी व्हायची. नमुन्याची वेळ अहवालावर छापलेली नसेल तर सगळंच फुकट. घरच्या घरी केलेली चाचणी सहसा चालत नसे, अँटीबॉडी चाचणीही बहुतेक ठिकाणी नाही.

आजारातून बरे झाल्याचं प्रमाणपत्र पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीनंतर ११ व्या दिवसापासून १८० व्या दिवसापर्यंत चालायचं. बरे झाल्यावरही कित्येकांची पीसीआर आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येते. त्यांना याचा मोठा आधार होता. पण मूळ चाचणीही पीसीआर प्रकारचीच लागायची, अँटिजेनला मान्यता २०२२ च्या फेब्रुवारीत मिळाली.

मार्गाचा गोंधळ वेगळाच. शेंगेन, म्हणजे आपसांत सीमेवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांचं क्षेत्र; त्यात प्रवेश होतो तो पहिल्या शेंगेन विमानतळावर. दुबई–फ्रँकफर्ट–लिस्बन या प्रवासात इमिग्रेशन फ्रँकफर्टला होतं, म्हणून जर्मनीचे प्रवेशनियम पाळायचे आणि मग पोर्तुगालचेही. दुबई–फ्रँकफर्ट–डब्लिन असेल तर आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, प्रवासी विमानतळाच्या आतच राहतो, जर्मनीत शिरत नाही. पण दोन वेगळी तिकिटं काढली असतील आणि सामान उचलून पुन्हा द्यायचं असेल, तर बाहेर यावं लागतं, म्हणजे प्रवेश आलाच. स्वस्त जोडतिकिटांनी इथे लोकांना रडवलं.

काउंटरवरचा कर्मचारी दूतावासाचं छापील पत्रक वाचत बसत नसे. तो देशोदेशीचे प्रवेशनियम दाखवणारी टायमॅटिक ही प्रणाली पाहतो, कारण चुकीचा प्रवासी नेला तर भुर्दंड विमान कंपनीला. भरीला ग्रीस, इटली, स्पेन, जर्मनी यांचे प्रवाशाच्या ठावठिकाण्याचे वेगवेगळे फॉर्म. जोडविमान असेल तर त्या देशात उतरणाऱ्या शेवटच्या विमानाचा क्रमांक लिहायचा. पहिल्याचा लिहिणं ही नेहमीची चूक.

ब्रिटनची तऱ्हा या सगळ्यापासून अलग. १७ मे ते ४ ऑक्टोबर २०२१ सिग्नलसारखे तीन रंग होते. लाल यादीतून येणाऱ्याला हॉटेलात विलगीकरण, एका प्रौढाला १,७५० पौंड, १२ ऑगस्ट २०२१ पासून २,२८५ पौंड. जुलैत फ्रान्ससाठी ‘अंबर-प्लस’ नावाचा चौथाच प्रकार काढला, लस घेतलेल्यांनाही विलगीकरण लावणारा. ८ ऑगस्टला तो गेला. १८ मार्च २०२२ ला सगळंच संपलं.

पैशाबाबत एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमनानुसार पूर्ण परतावा सात दिवसांत द्यायचा असतो. व्हाउचर प्रवाशाच्या संमतीनेच. साथ ही असाधारण परिस्थिती धरली गेली, म्हणून परताव्याशिवायची वेगळी नुकसानभरपाई बहुधा मिळाली नाही, परतावा मात्र देय होता. याउलट विमान उडालं आणि नियमांमुळे प्रवासीच जाऊ शकला नाही, तर या नियमनात त्याला काही नाही. तिथे तिकिटाच्या अटी किंवा विमा. दावा करण्याआधी विमान खरंच रद्द झालं होतं का, हे आधी तपासावं.

२०२२ मध्ये देशांनी एकेक करून अटी काढल्या. स्पेन सर्वात रेंगाळणाऱ्यांपैकी, २१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत. १३ डिसेंबरला संघाच्या परिषदेने, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या मंडळाने, बाहेरच्यांवरचे निर्बंध उठवण्याची शिफारस केली, आणि महिना उलटायच्या आत, ४ जानेवारी २०२३ ला, चीनहून येणाऱ्यांकडे ४८ तासांच्या आतली चाचणी मागण्याची सूचना पुन्हा आली. डिजिटल प्रमाणपत्राचं नियमन ३० जून २०२३ ला संपलं. त्यामागचं तंत्र जागतिक आरोग्य संघटनेने पुढे घेतलं.

जुलै २०२४ पासून शेंगेन सीमा संहितेत बदल लागू झाला आहे. मोठ्या आरोग्य-संकटात बाह्य सीमांवर चाचणी, विलगीकरण आणि प्रवेशबंदीचे बंधनकारक समान नियम परिषद आता करू शकते. मात्र त्याच कलमात देशांना त्याहून कडक नियम करायची मुभाही ठेवलेली आहे.