शिंजुकूतला शुक्रवार आणि न मागवलेला ऑक्टोपस

जपानला जाऊन आलेल्या प्रत्येकाने आम्हाला एकच सांगितलं होतं, "तिथे कुणी एक येनही जास्त घेत नाही, डोळे मिटून फिरा." हा सल्ला अर्धवट आहे. मी, नवरा, भाऊजी आणि जाऊबाई असे आम्ही चौघं तो ऐकून गेलो आणि एका रात्रीत जवळजवळ १७ हजार येन घालवले. म्हणून हे लिहितेय. दिवसाला वीस हजार पावलं चालायची तयारी, चटकन काढता येणारे बूट आणि न फाटलेले मोजे तुमच्याकडे आहेत हे धरून चालते.

आमचा मुक्काम टोकियोतल्या निशिकासाई भागात होता. तिथे भारतीय वस्ती मोठी, त्यामुळे शाकाहारी जेवणाची चिंता नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी टोकियोतल्याच शिंजुकू भागातले दिवे बघायला गेलो. काबुकिचो या तिथल्या बार-हॉटेलांच्या वस्तीच्या तोंडाशी एक तरुण हसत समोर आला. "व्हेजिटेबल ओके, नो चार्ज," म्हणाला आणि लिफ्टने पाचव्या मजल्यावरच्या इझाकायात, म्हणजे खाण्यापिण्याच्या जपानी बारमध्ये, घेऊन गेला. नंतर कळलं, की अशा माणसांना क्याकुहिकी म्हणतात आणि शिंजुकू वॉर्डात रस्त्यावर गिऱ्हाईक ओढायला बंदी आहे. त्यांच्यापासून सावध राहा असं लाउडस्पीकरवर सतत सांगत असतात. आम्ही ते जाहिरात समजून ऐकत होतो.

बूट कपाटात ठेवले, लाकडी पट्टीची किल्ली हातात आली. बसतो न बसतो तोच चौघांपुढे चार वाट्या आल्या: काकडी आणि ऑक्टोपस, व्हिनेगरमध्ये घातलेला. आम्ही चौघंही शाकाहारी. चुकून आलं असेल म्हणून वाट्या बाजूला सारल्या. एदामामे (सोयाबीनच्या हिरव्या शेंगा), तळलेले बटाटे, लोणच्याची काकडी आणि ऊलाँग चहा मागवला. मेन्यूवरच्या किमतींप्रमाणे सगळे मिळून ४,८०० येन होत होते.

बिल आलं ११,१३२ येन.

हिशोब पूर्ण देते, कारण तुम्हालाही तो असाच येईल. ओतोशी, म्हणजे त्या न मागवलेल्या वाटीचे, माणशी ६०० म्हणजे २,४००. जागेचे माणशी ५०० म्हणजे २,०००. त्यावर शुक्रवार म्हणून १० टक्के, आणि मग सगळ्यावर १० टक्के कर. ज्या ऑक्टोपसला आम्ही बोटही लावलं नाही, त्याचे २,४००! भाऊजींनी वाट्या दाखवल्या, मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं, चाळीस मिनिटं वाद घातला. समोरचा माणूस एकदाही आवाज न चढवता दर वेळी कमरेत वाकून माफी मागत होता आणि दर वेळी तेच बिल पुढे सरकवत होता. भांडायला समोर कुणी भांडणाराच नाही, याने जो थकवा येतो तो मी आधी कधी अनुभवला नव्हता.

आता न्यायाने सांगायचं तर ओतोशी ही फसवणूक नाही. इझाकायात बसलं की न मागता एक छोटी वाटी येते आणि तिचे साधारण ३०० ते ५०० येन लागतात, ही तिथली जुनी रीत आहे. क्योतो-ओसाकाकडे तिलाच त्सुकिदाशी म्हणतात. पण "नो चार्ज" सांगून वर जागेचे आणि शुक्रवारचे पैसे लावणं ही लूटच. त्यामुळे रस्त्यावर बोलावणाऱ्याच्या मागे अजिबात जाऊ नका. आणि कुठेही बसण्याआधी दारातच विचारा, "ओतोशी आरिमासु का?" म्हणजे ओतोशी असते का. नको असेल तर काही ठिकाणी आधी सांगितल्यावर देत नाहीत. वाटी समोर आल्यावर बोलून उपयोग नाही. शाकाहाऱ्यांनी "मांस नको" एवढ्यावर थांबू नये. तिथे मासा मांसात धरतीलच असं नाही आणि सुपाचं पाणीसुद्धा बहुधा सुक्या माशाचं असतं.

त्या वादाने शेवटची गाडी घालवली. शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त दरवाजे आहेत. आत शिरून आपला फलाट सापडायला आम्हाला वीस मिनिटं लागली. गाडी बदलायला इइदाबाशीला पोचलो तर निशिकासाईला जाणारी तोझाई मेट्रो लाइन बंद. मध्यरात्रीनंतर टोकियोत गाड्या थांबतात त्या पहाटेपर्यंत. स्टेशनबाहेर सूट घातलेली माणसं बॅग उशाला घेऊन भिंतीशी शांत झोपली होती आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. आम्ही टॅक्सी केली. दार चालक आतून उघडतो, ओढू नका. रात्री १० ते पहाटे ५ भाडं २० टक्क्यांनी वाढतं. ५,७०० येन झाले. तुम्ही साडेअकरापर्यंत स्टेशनात पोचाच.

क्योतो आणि नारा छान झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे पास, जुन्या सल्ल्यावरून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन आरक्षित तिकीट साधारण २८ हजारांत होतं, तेवढ्यासाठी पास म्हणजे पैसे पाण्यात. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहायचं आणि ओसाकात उजवीकडे. आणि एक पिशवी कचऱ्यासाठी ठेवाच. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर कचराकुंड्या हटत गेल्या. केळ्याची साल घेऊन जाऊबाई सबंध असाकुसा फिरल्या.

टॅक्सीची पावती मात्र न चुकता मागा. त्या रात्री जाऊबाईंचा चष्मा गाडीत राहिला होता. पावतीवरच्या नंबरावर आमच्या घरमालकांनी फोन केला आणि दोन दिवसांनी चष्मा परत मिळाला, काचा पुसून, मऊ कागदात गुंडाळलेला. जाऊबाई म्हणाल्या, याच्यासमोर त्या ऑक्टोपसचे पैसे मी माफ केले. मी केलेले नाहीत.